माती परीक्षणाची वही आणि विद्यार्थ्यांचे वेब ॲप्लिकेशन : खारपाणपट्ट्यातील एका महाविद्यालयाचे प्रकरण

पार्श्वभूमी

अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जो खारपाणपट्टा पसरला आहे, त्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे महाविद्यालय आहे. ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न असून मी तेथे संगणकशास्त्र शिकवतो. आमच्या रसायनशास्त्र विभागाने बऱ्याच वर्षांपासून माती परीक्षणाची एक छोटी प्रयोगशाळा चालवलेली आहे. परिसरातील शेतकरी पेरणीच्या आधी कापडी पिशवीत अर्धा किलो माती घेऊन येतात, विभागातील प्राध्यापक, प्रयोगशाळा परिचर आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी मिळून चाचण्या करतात आणि नाममात्र शुल्कात अहवाल देतात. केंद्र शासनाची मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली आणि तिच्या पत्रिकेत १२ घटक असतात. आमच्याकडे सूक्ष्म अन्नद्रव्ये मोजण्याचे यंत्र नसल्यामुळे सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लता), विद्युत वाहकता (क्षारांचे प्रमाण दाखवणारी), सेंद्रिय कर्ब, मुक्त चुनखडी आणि उपलब्ध नत्र, स्फुरद व पालाश एवढ्याच चाचण्या होतात. या भागातील शेतकऱ्याला त्यांतील पहिल्या दोन विशेष महत्त्वाच्या वाटतात, कारण विहिरीचे पाणी खारे, जमीन खोल काळी, आणि त्या पाण्याने ओलीत केले की दोन-चार वर्षांत जमीन चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) होऊ लागते, हे त्याने बापाच्या वेळेपासून पाहिलेले असते.

अडचण चाचण्यांची नव्हती, अहवालाची होती. एप्रिल आणि मे महिन्यांत पिशव्यांची रांग लागली की वहीतील वाचने कॅल्क्युलेटरवर घालून आकडेमोड करणे, ती वर्गवारीच्या तक्त्याशी जुळवणे आणि प्रत्येकाचा अहवाल टंकून छापणे, एवढ्यालाच चाचणीपेक्षा जास्त वेळ लागत असे. शेतकरी तीन-तीन खेपा घालत असे आणि काही वेळा अहवाल हाती येईपर्यंत पेरणी उरकलेली असे. पेरणीनंतर मिळालेल्या अहवालाचा त्या हंगामाला काहीही उपयोग नसतो. या कारणाने रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांनी आमच्या विभागाकडे विचारणा केली आणि बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षातील चार विद्यार्थ्यांनी, दोन मुली आणि दोन मुलगे, हा विषय प्रकल्प म्हणून घेतला. मार्गदर्शक मी होतो.

पहिला आराखडा आणि त्यातील चूक

विद्यार्थ्यांनी दहा-बारा दिवसांत आराखडा तयार केला. त्यात लॉगिन होते, प्रशासकाचे पान होते, शेतकऱ्याने ईमेल आणि ओटीपी देऊन स्वतःची नोंदणी करण्याची सोय होती, आणि पहिल्याच पानावर रंगीत वर्तुळाकार आलेख होते. तो आराखडा मी मंजूर केला. आमच्या विभागात वर्षानुवर्षे मंजूर होत आलेले प्रकल्प असेच असत आणि या वेळी वापरणारा माणूस खरा आहे, परीक्षेपुरता कल्पिलेला नाही, हे माझ्या तेव्हा पुरते लक्षात आले नाही. ही जबाबदारी विद्यार्थ्यांची नव्हे, माझी होती.

विभागप्रमुखांनी आराखडा शांतपणे पाहिला आणि एकच अट घातली. चौघांनी पंधरा दिवस, संगणक न आणता, प्रयोगशाळेत नमुने स्वीकारण्याच्या टेबलाशी बसावे; आलेल्या माणसाशी बोलावे; वहीत नोंद करावी; आणि मगच पुढचे ठरवावे. डिसेंबर महिना होता. सोयाबीन निघून गेलेले होते आणि काही शेतकरी मोकळ्या झालेल्या वावराची माती घेऊन येत होते, त्यामुळे बसलेल्या वेळात कामही मिळत होते.

पहिल्याच दिवशी आराखड्यातील शेतकरी नोंदणी गळून पडली. टेबलाशी येणारा माणूस बहुधा खातेदार नसे. कोणाचा मुलगा येई, कोणाचा भाचा. एकजण तर शेजाऱ्यांच्या मिळून पाच पिशव्या मोटारसायकलला लटकावून घेऊन आला आणि त्यातील दोन पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या घामाने पुसल्या गेल्या होत्या. ईमेल कोणाकडेच नव्हता. सातबारा मात्र बहुतेकांच्या खिशात असे, कारण पटवाऱ्याकडे दुसऱ्या कामासाठी जाऊन आलेले असत. त्यामुळे ‘आणणारा’ आणि ‘खातेदार’ हे दोन वेगळे रकाने झाले आणि ओळखीचा आधार माणूस न राहता शेत झाले : मौजा, गट क्रमांक आणि क्षेत्र. आधार क्रमांक घ्यायचा नाही हेही तेव्हाच ठरले. ज्या माहितीची आपल्याला गरज नाही ती साठवली तर जोखीम तेवढी वाढते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही गरजेपुरतीच माहिती घेण्याकडे आहे, एवढे कारण विद्यार्थ्यांना पुरेसे होते.

वहीच्या कोपऱ्यातला आकडा

प्रयोगशाळेची वही लांब, कापडी पुठ्ठ्याची आणि अनेक हातांनी लिहिलेली होती. विद्यार्थ्यांनी तिच्या रकान्यांची नावे उतरवून घेतली, त्यांचे डेटाबेसमधील तक्ते आखले आणि जे रकाने त्यांना कळले नाहीत ते सोडून दिले. सोडलेल्यांत एक होता ‘पा.’ आणि दुसरा तर रकानाही नव्हता. सेंद्रिय कर्बाच्या प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात, चौकट न आखता, नुसता एक आकडा लिहिलेला असे : २०.४, कधी २०.१, कधी २०.६.

‘पा.’ म्हणजे पाणी. वावर कोरडवाहू आहे, विहिरीवर आहे की बोअरवर, याची ती खूण होती. ती नसेल तर विद्युत वाहकतेचा वाढलेला आकडा जमिनीतून आला की पाण्यातून, हे सांगता येत नाही आणि खारपाणपट्ट्यात सल्ला देताना नेमके तेच सांगावे लागते. हा रकाना परत आला.

कोपऱ्यातील आकड्याबद्दल प्रकल्पातील एका विद्यार्थिनीने परिचर काकांना विचारले. काका तीस वर्षे त्या प्रयोगशाळेत आहेत. त्यांनी ब्युरेटखालचा, म्हणजे थेंब-थेंब द्रावण सोडून मोजणाऱ्या काचनळीखालचा, फ्लास्क उचलून दाखवला आणि म्हणाले, “हे ब्लँक हाय, पोरी. याच्यात मातीच नसते. पन हे नसलं त खालचं सारं चुकते.”

ते वाक्य समजून घ्यायला आम्हाला दोन दिवस लागले आणि संपूर्ण प्रकल्पाचा डोलारा त्यावरच उभा राहिला, म्हणून ते येथे सविस्तर लिहितो. वॉकली आणि ब्लॅक यांनी १९३४ साली मांडलेल्या पद्धतीत एक ग्रॅम मातीवर पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल घालतात. मातीतील सेंद्रिय कर्ब त्यातील काही डायक्रोमेट खर्च करतो. जे शिल्लक राहते ते फेरस अमोनियम सल्फेटच्या द्रावणाने अनुमापन करून मोजतात, आणि निळसर जांभळा रंग एका थेंबाने हिरवा झाला की ब्युरेट थांबवतात. परंतु हे सल्फेटचे द्रावण हवेत ठेवले की हळूहळू दुबळे होते. आजचे द्रावण आणि आठ दिवसांपूर्वीचे द्रावण सारखे नसते, म्हणून प्रत्येक दिवशीच्या बॅचबरोबर माती न घातलेला एक फ्लास्क चालवतात आणि त्याच्या वाचनाशी इतरांची तुलना करतात. कोपऱ्यातील आकडा तो होता.

विद्यार्थ्यांच्या पहिल्या आवृत्तीत हे वाचन सूत्रातच कायमचे २० मिलिलिटर धरलेले होते, कारण पाठ्यपुस्तकातील सोडवलेल्या उदाहरणात तसे होते. त्याचा परिणाम आम्ही वहीतील एका खऱ्या ओळीवर करून पाहिला. त्या दिवशीचे ब्लँक २०.४ आणि नमुन्याचे वाचन १७.६ होते. वजाबाकी २.८, तिला २०.४ ने भागून १० ने आणि पुढे ०.३ ने गुणले की सेंद्रिय कर्ब ०.४१ टक्के येतो. ब्लँक २० धरले तर वजाबाकी २.४ आणि उत्तर ०.३६ टक्के. महाराष्ट्रात वापरात असलेल्या सहा पातळ्यांच्या वर्गवारीत ०.२१ ते ०.४० म्हणजे ‘कमी’ आणि ०.४१ ते ०.६० म्हणजे ‘मध्यम’. म्हणजे माती तीच, वाचन तेच, आणि अहवालावरचा शब्द वेगळा. त्या शब्दावर शेतकरी शेणखताच्या गाड्या आणि खताच्या थैल्या ठरवणार असतो.

यातून डेटाबेसची घडण बदलली. आधी शेतकरी आणि नमुना असे दोनच तक्ते होते. आता शेत, नमुना, बॅच आणि वाचन असे चार झाले. ब्लँक नमुन्याकडे न राहता बॅचकडे गेले. आणि वापरणाऱ्याने तयार उत्तर भरायचे नसून ब्युरेटवर दिसलेले वाचनच भरायचे, उत्तर प्रणालीने काढायचे, असे ठरले. या शेवटच्या निर्णयाला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. उत्तर साठवले की चूक कोठे झाली हे शोधता येत नाही. वाचन साठवले तर सूत्र दुरुस्त करून सगळे अहवाल पुन्हा काढता येतात. वहीत पूर्वीपासून वाचनेच लिहिली जात होती आणि उत्तर त्याशेजारी पेन्सिलीने.

‘प्रलंबित’ आणि ‘पूर्ण’ या दोन स्थितींच्या जागीही प्रयोगशाळेत रोज बोलले जाणारे टप्पे आले : आला, वाळत आहे, चाळला, तपासला, अहवाल दिला. ओला नमुना सावलीत वाळवल्याशिवाय चाळता येत नाही, त्यामुळे ‘माझा अहवाल का झाला नाही’ या प्रश्नाचे खरे उत्तर बहुतेक वेळा ‘अजून वाळत आहे’ असेच असते. हे उत्तर फोनवर सांगता येऊ लागल्यामुळे शेतकऱ्याची एक खेप तेवढ्यानेच वाचली.

आकड्यांच्या मधली फट

जानेवारीत पहिली चालू आवृत्ती प्रयोगशाळेत बसली. पीएचपी आणि मायएसक्यूएल ही विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमातून येणारी साधने होती आणि तीच वापरली. नवे काही शिकण्याच्या हौसेला या कामात जागा नव्हती. पहिल्या आठवड्यात दोन चुका निघाल्या आणि दोन्ही शिकवण्याजोग्या आहेत.

एका अहवालावर सेंद्रिय कर्बाचा आकडा होता, पण वर्गवारीची जागा कोरी होती. ब्लँक २०.४ आणि वाचन १७.६५ होते, उत्तर ०.४०४४. छापील तक्ता ०.४० ला संपतो आणि पुढची ओळ ०.४१ ला सुरू होते. माणूस हा तक्ता वाचतो तेव्हा मनातल्या मनात दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकन करून घेतो, म्हणून ती फट त्याला कधी दिसत नाही. प्रोग्रॅम तसे करत नाही. त्याच्या दृष्टीने हा आकडा दोन्ही ओळींच्या मध्ये पडला होता. आधी दोन दशांशांपर्यंत पूर्णांकन आणि मग वर्गवारी, असा क्रम लावल्यावर ०.४० म्हणजे ‘कमी’ असे उत्तर आले, जे विभागाने हातानेही तसेच काढले असते. त्याच वेळी वर्गवारीच्या सीमा कोडमधून काढून तक्त्यात ठेवल्या, कारण काही ठिकाणी तीन पातळ्यांची वर्गवारी वापरतात आणि उद्या विभागाने ती स्वीकारली तर त्यासाठी प्रोग्रॅमरला शोधत बसावे लागू नये.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. एके दुपारी काकांनी नऊ नमुन्यांची वाचने स्वतःच्या फोनवरून भरली आणि नऊही अहवालांवर सेंद्रिय कर्ब ३.०० टक्के, ‘अत्यंत जास्त’ असे आले. काका छापलेला कागद घेऊन थेट आमच्या विभागात आले आणि म्हणाले, “एवढा कर्ब आपल्या वावरात असता त मंग काय पाह्यजे होतं!” त्यांच्या फोनचा कळफलक मराठी होता आणि त्यांनी १७.६ हे देवनागरी अंकांत लिहिले होते. पीएचपीला देवनागरी अंक संख्या म्हणून कळत नाहीत. त्याने वाचन शून्य धरले. वाचन शून्य म्हणजे सगळे डायक्रोमेट खर्च झाले असा अर्थ होतो आणि सूत्र त्या अर्थाने बरोबर उत्तर देते : तीन टक्के.

मराठी माणसाने मराठी अंक लिहिले यात त्याची काही चूक नव्हती. विद्यार्थ्यांनी प्रथम ‘इंग्रजी अंकच वापरा’ अशी सूचना पानावर लिहिण्याचा विचार केला होता. तो मी नाकारला. दोन्ही लिपींतील अंक स्वीकारून आत रूपांतर करणारी चार ओळींची दुरुस्ती त्यांनी केली आणि त्याबरोबर मर्यादाही घातल्या : वाचन शून्य असू शकत नाही, ब्लँकपेक्षा जास्त असू शकत नाही. सामूच्या बाबतीत मर्यादा ओलांडली तर नोंद नाकारायची नाही, फक्त ‘पुन्हा तपासा’ असे विचारायचे, हे रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी सांगितले, कारण या पट्ट्यात नऊच्या आसपासचा सामू खराच निघू शकतो.

मराठी अक्षरांचा प्रश्न

अंकांनंतर अक्षरे. ‘वऱ्हाडे’ हे आडनाव आमच्याकडे घरोघरी आहे. त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो : एकदा नुक्ता असलेल्या ऱ ने, आणि एकदा साध्या र पुढे हलन्त व न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी आडनावे असतात. संगणकावरून भरलेले वऱ्हाडे फोनवरून शोधले की सापडत नसत, आणि मग तोच खातेदार दुसऱ्यांदा नोंदवला जाई. शोध ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने होत होता आणि तुलना अक्षरशः होत होती. साठवण्यापूर्वी दुसऱ्या प्रकाराचे रूपांतर पहिल्यात करून घेतल्यावर हा घोळ मिटला, आणि मौज्यांची नावे तर टंकण्याऐवजी यादीतून निवडायची सोय केली.

अहवाल छापताना याहून वाईट प्रकार झाला. पीडीएफ तयार करण्यासाठी विद्यार्थ्यांनी जी फुकट लायब्ररी घेतली होती, तिला देवनागरीची जोडणी येत नव्हती. युनिकोडमध्ये ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या नंतर साठवलेला असतो आणि दाखवताना तो आधी आणावा लागतो. त्या लायब्ररीने साठवला त्याच क्रमाने छापला. ‘विद्युत’ आणि ‘सेंद्रिय’ हे शब्द वाचता येत नव्हते. एका विद्यार्थ्याने सुचवले की अहवाल इंग्रजीत द्यावा. तो स्वतः शेतकऱ्याचा मुलगा आहे. मी त्याला तो कागद घरी नेऊन वडिलांना दाखवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने पीडीएफ सोडून दिले, अहवालाचे वेबपानच छपाईच्या मांडणीत बसवले आणि ब्राउझरकडूनच छापून घेतले. ब्राउझरला देवनागरी नीट मांडता येते. या साध्या मार्गाने उरलेले सगळे अहवाल स्वच्छ निघाले.

किलोवरून थैल्यांवर

अहवालाच्या शेवटी खताची मात्रा किलो प्रति हेक्टर अशी दिलेली असे. तो आकडा पाहून एका शेतकऱ्याने टेबलाशी बसलेल्या विद्यार्थिनीला विचारले, “ते जाऊ द्या, मले थैल्या किती लागतीन ते सांगा.” सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते, बोलण्यात एकर असतात आणि दुकानात थैली असते. शास्त्र आणि शेत यांच्यामधले हे तीन पल्ले आजवर शेतकरी अंदाजाने ओलांडत होता.

प्रणालीत ही आकडेमोड घालणे अवघड नव्हते, पण काळजी घ्यावी लागली. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. युरियाची थैली आता ५० ऐवजी ४५ किलोची असते आणि त्यात ४६ टक्के नत्र म्हणजे २०.७ किलो येते. हेक्टरी ५० किलो नत्र द्यायचे असेल तर एकरी साधारण २० किलो, म्हणजे युरियाची जवळपास एक थैली. मात्र शेतकरी स्फुरदासाठी डीएपी (स्फुरद आणि नत्र दोन्ही असलेले खत) घेणार असेल तर ५० किलोच्या एका थैलीतून स्फुरदाबरोबर ९ किलो नत्रही जाते, आणि ते युरियातून वजा केले नाही तर पैसे वाया जातात. विद्यार्थ्यांच्या पहिल्या हिशेबात ही वजावट नव्हती. ती रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी कागदावर मांडून दाखवली. मात्रा किती असावी हे ठरवणे हा आमचा अधिकार नाही. ती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशींवरून विभागाने ठरवायची आणि प्रणालीने फक्त तिचे थैल्यांत रूपांतर करायचे, ही सीमा आम्ही सुरुवातीलाच आखून घेतली आणि मोडली नाही.

यजमान संगणक आणि थांबलेले घड्याळ

ॲप्लिकेशन इंटरनेटवर ठेवायचे की विभागातल्या संगणकावर, यावर बरीच चर्चा झाली. मी विभागातल्या संगणकाच्या बाजूने होतो. जोडणी दिवसातून अनेकदा तुटते, आणि ती तुटली म्हणून पिशवी परत पाठवता येत नाही. प्रयोगशाळेतील एक जुना संगणक, एक वाय-फाय राउटर आणि इन्व्हर्टर एवढ्यावर काम भागले. रोज संध्याकाळी डेटाबेसची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि ती विभागप्रमुखांच्या कपाटात ठेवायची.

मार्चमध्ये वादळाने तीन दिवस वीज गेली. संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा मदरबोर्डवरचा सेल संपलेला असल्याने त्याची तारीख अनेक वर्षे मागे गेली होती. नमुना क्रमांकात वर्ष असल्यामुळे त्या दिवशीच्या पिशव्यांना भलतेच क्रमांक पडले आणि ते पिशव्यांवर शाईने लिहूनही झाले. सेल काही रुपयांचा, तो बदलला. परंतु संगणकाच्या घड्याळावर आंधळा विश्वास ठेवणे ही आमची चूक होती. आता शेवटच्या नोंदीपेक्षा मागची तारीख दिसली की प्रणाली नवा क्रमांक देत नाही आणि आधी तारीख विचारते.

हंगाम आणि परीक्षा

एप्रिल-मे हा प्रयोगशाळेच्या गर्दीचा काळ आणि विद्यापीठाच्या परीक्षांचाही. खेड्यातल्या महाविद्यालयातील अशा प्रत्येक प्रकल्पापुढे ही अडचण येणार, कारण शेतीचे वेळापत्रक आणि विद्यापीठाचे वेळापत्रक एकमेकांना विचारून ठरत नाही. आम्ही ती सोडवली नाही, फक्त आधी ओळखली : एक एप्रिलनंतर कोणताही नवा बदल करायचा नाही आणि विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत यायचे नाही. प्रणाली काका आणि रसायनशास्त्राचे दोन विद्यार्थी चालवतील. वही बंद करायची नाही, दोन्हीकडे नोंद होईल. दुहेरी कामाबद्दल कुरकुर झाली, ती योग्यही होती. पण वर्षभर तरी ते आवश्यक होते आणि दर शनिवारी वहीतील दहा ओळी पडद्याशी ताडून पाहण्याने दोन ठिकाणी आकड्यांची अदलाबदल वेळेत सापडली.

प्रकल्पाच्या परीक्षेबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. मूल्यमापनात आकृत्या, पडद्यांची चित्रे आणि बांधणीचा अहवाल यांना गुण होते; एक माणूस ते रोज वापरतो की नाही याला नव्हते. विद्यार्थ्यांनी आकृत्या काढल्या आणि गुणही चांगले मिळवले. तरीही माझे मत असे आहे की वापरणाऱ्या विभागाने लिहून दिलेला अभिप्राय आणि सापडलेल्या चुकांची नोंद यांना अशा प्रकल्पात निम्मे वजन असावे. मी विभागाच्या बैठकीत तसा प्रस्ताव दिला आहे.

हस्तांतर

चौघेही जून महिन्यात महाविद्यालयातून बाहेर पडले. विद्यार्थी गेले की प्रकल्प मरतो, हा आमच्याकडचा नेहमीचा अनुभव आहे, म्हणून त्यांच्याकडून मी तीन गोष्टी आग्रहाने करून घेतल्या. सगळे कोड गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, ठेवले. काकांसाठी चार पानी मराठी टिपण लिहिले, ज्यात संगणक सुरू करण्यापासून पेन ड्राइव्हवर प्रत घेण्यापर्यंतची प्रत्येक कृती आहे. ते लिहून झाल्यावर काकांनी ते वाचत एकट्याने सगळे करून दाखवले तेव्हाच स्वीकारले. आणि वहीतील वीस खऱ्या ओळी चाचणी म्हणून जोडल्या : ब्लँक २०.४, वाचन १७.६, उत्तर ०.४१ आलेच पाहिजे. पुढच्या वर्षीच्या मुलांनी सप्टेंबरमध्ये सूत्राची मांडणी ‘नीटनेटकी’ केली तेव्हा त्यातील अकरा ओळी चुकल्या आणि बदल प्रयोगशाळेत जाण्याआधीच थांबला.

या दुसऱ्या तुकडीपुढे आलेला पहिला खरा प्रश्न गट क्रमांकाचा होता. एका वावराची वडिलांच्या पश्चात दोन भावांत वाटणी झाली आणि एका गटाचे दोन पोटहिस्से झाले. दोघेही माती घेऊन आले, दोघांनाही आधीच्या अहवालाशी तुलना हवी होती, आणि प्रणालीला नव्या क्रमांकांवर मागचे काहीच सापडेना. मुलांनी ते काकांना विचारले. काकांनी कपाटातून जुनी वही काढली आणि अशाच एका वाटणीची ओळ दाखवली : गट क्रमांकाच्या खाली, लाल शाईने, ‘जु.’ आणि त्यापुढे जुना क्रमांक. आम्ही ती वही त्यापूर्वी तीनदा तरी पूर्ण चाळली होती. त्याच आठवड्यात शेताच्या तक्त्यात ‘जुना गट’ हा रकाना वाढला, आणि दोन्ही भावांच्या अहवालांवर, त्यांच्या स्वतःच्या आकड्यांशेजारी, वडिलांनी आणलेल्या मातीचे आकडे छापून निघाले.